जर्मनीला मास्टर्ससाठी जायचंय, सुरुवात कुठून करू?

धोटा, ६ नोव्हेंबर २०२४

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

मी मूळची इचलकरंजीची. सांगलीतून ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम) इंजिनिअरिंग केलं. गेली अडीच वर्षं चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत टेस्टिंगला आहे. सीजीपीए ७.४. पुढच्या ऑक्टोबरला, म्हणजे २०२५ च्या विंटर सेमिस्टरला, जर्मनीत मास्टर्सला जायचं डोक्यात आहे. विषय ऑटोमोटिव्ह सॉफ्टवेअर किंवा त्याच्या जवळपासचा. अमेरिका हिशेबात बसत नाही. बाबांचे बारा यंत्रमाग आहेत, त्यातले सध्या आठ चालतात, यावरून काय ते ओळखा.

पुण्यात एका सल्लागाराकडे जाऊन आले. एसी, कॉफी, भिंतीवर व्हिसा मिळालेल्या मुलांचे फोटो. म्हणाला, ७.४ ला सरकारी विद्यापीठ विसरा, एका खाजगी विद्यापीठात आठवड्याभरात ॲडमिशन करून देतो, फी वर्षाला अकरा हजार युरो. तिकडे घरी आईने बॅगेची यादीसुद्धा करायला घेतलीये. कुकर, मेतकूट, थर्मल, तीन डझन पेनं.

अकरा महिने हातात आहेत. काय, कुठल्या क्रमाने करायचं? आणि राहतं घर तारण ठेवावं का? बाबा तयार आहेत, माझंच मन होत नाहीये.

बिनडोक_बोका, ६ नोव्हेंबर

आईची यादी फेकू नकोस. तीन डझन पेनं जरा जास्त होतात, पण कुकरची शिट्टी आणि जादा रिंग हवीच. बाकी जाणकार येतीलच, मी खुर्ची टाकून बसलोय.

रानजाई, ७ नोव्हेंबर

धोटा, आधी त्या सल्लागाराला लांबूनच नमस्कार कर. सरकारी विद्यापीठात मुलगा पाठवून यांना दलाली मिळत नाही, खाजगीत मिळते. सगळ्या गोष्टीची मेख तिथे आहे. खाजगी विद्यापीठं सरसकट वाईट असं मी म्हणणार नाही. पण बहुतेक सरकारी विद्यापीठं जिथे शिकवण्याचे पैसेच घेत नाहीत, तिथे अकरा हजार युरो कशाचे, हे विचारायला नको का? अपवाद आहेत. मी राहते ते श्टुटगार्ट ज्या राज्यात येतं, ते बाडेन-व्युर्टेंबर्ग, युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून २०१७ पासून सेमिस्टरला १५०० युरो घेतं. म्युनिकच्या टेक्निकल विद्यापीठानेही यंदाच्या विंटरपासून मास्टर्सला सेमिस्टरला ४००० ते ६००० लावलेत. बाकी बहुतेक ठिकाणी सेमिस्टरची वर्गणी तेवढी भरायची, दोनशे-साडेतीनशेच्या दरम्यान. त्यात बऱ्याचदा बस-ट्रेनचा पासही येतो.

आता क्रम विचारलास तर सगळ्यात आधी एपीएस. तुझ्या पदव्या खऱ्या आहेत का हे तपासून दिल्लीचं एपीएस कार्यालय दाखला देतं. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीयांना त्याशिवाय स्टुडंट व्हिसा मिळत नाही, आणि बरीच विद्यापीठं अर्जाबरोबरच मागतात. फी १८,००० रुपये. आयईएल्टीएस (इंग्रजीची परीक्षा), शिफारसपत्रं, बाकी सगळं त्याच्याबरोबर समांतर चालू दे, पण हे आज रात्रीच सुरू कर. जानेवारीनंतर सगळा महाराष्ट्र आणि निम्मा आंध्र एकदमच जागा होतो.

आणि एक भानगड जी आपल्याच लोकांची होते: नाव. मार्कशीटवर आडनाव आधी, मग तुझं नाव, मग वडिलांचं, खाली आईचं वेगळं. पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये तुझं आणि वडिलांचं नाव एकत्र, आडनाव वेगळ्या ओळीत. आधारवर तिसरंच. फॉर्म तपासणाऱ्या जर्मन बाईला यातलं तुझं नाव कुठलं हे कळत नाही. तिच्या दृष्टीने तू आणि तुझे बाबा मिळून एक व्यक्ती. सगळे फॉर्म पासपोर्टप्रमाणे, अक्षर न अक्षर, भर. माझ्या पहिल्या हेल्थ इन्शुरन्स कार्डावर पहिलं नाव म्हणून फक्त बाबांचं नाव छापून आलं होतं. सहा महिने मी दवाखान्यात "हेर रमेश" होते. (हेर म्हणजे श्रीयुत. गुप्तहेर नाही.)

घाटमाथा, ७ नोव्हेंबर

सध्या ड्रेस्डेनमध्ये तिसऱ्या सेमिस्टरला आहे. ७.४ ला घाबरू नकोस, आधी गणित कर. इथे १ म्हणजे सर्वोत्तम आणि ४ म्हणजे काठावर पास. आपले गुण बदलायचं सूत्र असं: कमाल गुणांतून तुझे गुण वजा कर, त्याला कमाल वजा पासिंग याने भाग, तीनने गुण, एक मिळव.

पासिंग ४ धरलं तर: १० वजा ७.४ म्हणजे २.६. भागिले ६, गुणिले ३, अधिक १. आलं २.३.

पासिंग ५ धरलं तर: २.६ भागिले ५, गुणिले ३, अधिक १. आलं २.५६.

बऱ्याच कोर्सेसची मर्यादा २.५ असते. म्हणजे गुण तेच, पण पासिंग कुठे धरलं यावर तू आत किंवा बाहेर. तुझ्या विद्यापीठाचं पासिंग काय आहे ते मार्कशीटच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेलं असतं. ती मागची बाजू स्कॅन करायला लोक विसरतात. माझ्या रूममेटचे त्यात दोन अर्ज गेले.

धोटा, ७ नोव्हेंबर

आत्ता कपाटातून मार्कशीट काढून उलटी केली. ४ आहे!! चार वर्षांत ती बाजू मी पहिल्यांदा वाचली.

अर्धविराम, ८ नोव्हेंबर

मी पुण्यात जर्मन शिकवते, त्यामुळे माझं मत एकांगी वाटलं तर वाटो. कोर्स इंग्रजीत आहे म्हणून भाषा नंतर बघू, हे वाक्य मी दरवर्षी ऐकते आणि दोन वर्षांनी त्याच मुलांचे मेसेज येतात. अकरा महिन्यांत नोकरी सांभाळून ए२, म्हणजे भाषेची दुसरी पायरी, होतेच, नेट लावलास तर तिसरी, बी१ सुद्धा. बोट क्लब रोडला मॅक्समुलर भवन आहे, फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा विभाग आहे. चाकणहून रोज येणं अवघड, ऑनलाइन बॅच घे.

मराठी माणसाला एक सोय आहे, तिची इंग्रजी माध्यमाच्या मुलांनाही आठवण करून द्यावी लागते. जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत, आपल्यातही तीन आहेत. तो दरवाजा, ती खिडकी, ते घर हे आपण कधी पाठ केलं नाही. जर्मनमध्ये मुलगी नपुंसकलिंगी आहे म्हटलं की हिंदी भाषक विद्यार्थी डोक्याला हात लावतात. आपल्याकडे आज्जी "ते पोरगं जेवलं का" असं नातीबद्दलही विचारते, त्यामुळे आपल्याला काही वाटत नाही. लांबलचक शब्दांचंही तसंच. 'वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग' म्हणजे घरमालकाने दिलेला दाखला. संस्कृत समास सोडवल्यासारखा सोडवायचा. हा शब्द मात्र आत्ताच पाठ कर, तिथे उतरल्यावर लागणार आहे.

पावणेदोन, ८ नोव्हेंबर

सगळे इतकं गोड लिहितायत म्हणून थोडं कडू. मी २०१९ ला गेलो, २०२३ ला परत आलो. नाशिकला आहे, बरं चाललंय.

दोन वर्षांचा कोर्स मला साडेतीन वर्षं लागला. तिथे शिकवणं आपल्यासारखं नाही. सबमिशन नाही, इंटर्नल नाही, हजेरी नाही. सेमिस्टरभर कोणी विचारत नाही, आणि शेवटी एकच परीक्षा. एका विषयाला बहुतेक ठिकाणी तीन संधी. तिसऱ्यांदा नापास झालात तर कोर्समधून बाहेर, आणि तोच कोर्स जर्मनीत दुसरीकडेही करता येत नाही. मी एका विषयाच्या तिसऱ्या संधीला बसलो होतो. त्या सकाळी हात इतके थरथरत होते की ओळखपत्र खाली पडलं. पास झालो, पण त्या एका विषयाने वर्ष खाल्लं.

दुसरं, पार्टटाइम. नियम आता वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस असा आहे, आमच्या वेळी १२० आणि २४० होता. पण दिवस मिळाले म्हणजे काम मिळालं असं नाही. मी गोदामात रात्रपाळी केली, कारण भाषा लागत नव्हती. रात्रपाळी केली म्हणून सकाळची लेक्चर्स बुडाली. लेक्चर्स बुडाली म्हणून... पुढचं वर लिहिलंच आहे. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. मी १६० अर्ज केले. पंधरा-वीस ठिकाणांहून फोन आले, आणि तिसऱ्या मिनिटाला "जर्मन किती येतं?"

अर्धविरामताईंशी भांडायला आलो होतो, पण त्यांचंच खरं निघालं.

बिनडोक_बोका, ८ नोव्हेंबर

पावणेदोन, असा प्रतिसाद लिहायला हिंमत लागते. इथे सगळे यशोगाथाच सांगतात.

खडूस_कारकून, १० नोव्हेंबर

बँकेतून निवृत्त. शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर नऊ वर्षं काढली, त्यातली शेवटची चार सातारा जिल्ह्यात. बेटा, तारणाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

सरकारी बँका साधारणपणे साडेसात लाखांच्या वर तारण मागतात. शेतजमीन सहसा घेत नाहीत, त्यामुळे सातबारा घेऊन जाऊ नका, निराश होऊन परत याल. बिगरशेती प्लॉट, फ्लॅट, सिटी सर्व्हेतलं घर चालतं. गावठाणातल्या घराचे कागद अपुरे असतात, तिथे गाडी अडते. बँकेचा वकील तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढतो. आजोबांच्या नावावरून वडिलांच्या नावावर घर आलं असेल आणि आत्यांनी हक्कसोड केलेलं नसेल तर तिथेच तीन महिने जातात. तेव्हा प्रॉपर्टी कार्ड काढून आत्ता बघा, घर द्यायचं की नाही हे नंतर ठरवा. घराऐवजी मुदत ठेव, एलआयसीची पॉलिसी, एनएससी हेही तारण चालतं. लोक थेट घरावर उडी मारतात.

दुसरं, हप्ता कोर्स संपल्यावर वर्षभराने सुरू होतो, हे ऐकून सगळे निश्चिंत होतात. व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. १५ लाख, १० टक्के, तीन वर्षं: सगळी रक्कम पहिल्याच दिवशी उचलली असं धरलं तर साडेचार लाख नुसतं व्याज. जमेल तेवढं व्याज दरमहा भरत राहा. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत या व्याजाची वजावट आठ वर्षं मिळते, नव्या पद्धतीत नाही.

वडील सहकर्जदार असतील. मागवाल्यांचा धंदा बराचसा रोखीत, रिटर्न कमी उत्पन्नाचे. यंदाचं रिटर्न जरा विचार करून भरायला सांगा. शिवाय मुंबईच्या जे. एन. टाटा एन्डॉवमेंटचा अर्ज भर. १८९२ पासून उच्च शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्ती देतात. मुलाखत होते, तयारी करून जा.

घराबद्दल विचारलंस. माझ्या टेबलावरून गेलेल्या फायलींत घर गेलेली फार थोडी. पण बापाची झोप गेलेली पुष्कळ. रक्कम कमी कशी होईल ते आधी बघ.

धोटा, १२ नोव्हेंबर

काका, तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. घर आजोबांच्याच नावावर आहे आणि आत्या तीन. बाबा म्हणाले, "हा माणूस आपल्या गल्लीत राहतो काय?"

एपीएसचे पैसे भरले. आयईएल्टीएस डिसेंबरात. मोटिव्हेशन लेटरची (हाच कोर्स का करायचाय ते सांगणारं पत्र) सुरुवात अशी केलीये: "लहानपणापासूनच मला यंत्रांची विलक्षण आवड होती." चालेल का?

रानजाई, १२ नोव्हेंबर

नाही चालणार. हे वाक्य त्यांनी सकाळपासून चाळीसदा वाचलेलं असतं. तू मागाच्या आवाजात वाढलीस आणि मला "विलक्षण आवड" सांगतेस? तिथलं काहीतरी लिही जे तूच पाहिलंयस.

धोटा, १५ नोव्हेंबर

तीन दिवस विचार केला. आमचे जुने साधे माग. आडवा धागा तुटला की एक छोटा काटा खाली पडतो आणि माग आपोआप थांबतो. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही, नुसता काटा. बाबा झोपेत असले तरी एक माग थांबल्याचं त्यांना आवाजावरून कळतं आणि ते उठतात. मी चाकणला जे टेस्ट करते ते हेच आहे, बिघाड झाला की गाडीने सुरक्षित थांबायचं. फक्त इथे काट्याच्या जागी हजारो ओळींचा कोड आहे. असं लिहू?

रानजाई, १५ नोव्हेंबर

अगदी असंच. एक शब्द बदलू नकोस.

धोटा, २९ जून २०२५

खूप दिवसांनी आले. दोन नकार, एक अजून लटकलेला, आणि परवा केम्नित्स विद्यापीठाचं ॲडमिशन लेटर आलं!! ऑटोमोटिव्ह सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग. बी१ ची परीक्षा दिली, एका भागात नापास, तो परत देणार. कर्ज १० लाखांचं, तारण बाबांची पॉलिसी आणि माझी ठेव. घराला हात लावलेला नाही.

आता रडगाणं. नोव्हेंबरात युरो नव्वदच्या आसपास होता, आज शंभराला टेकला. व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधीच ज्यात भरून ठेवावा लागतो त्या ब्लॉक्ड अकाउंटचे ११,९०४ युरो तेव्हा पावणेअकरा लाखांत बसत होते, आता बाराला आले. सव्वा लाख हवेत गेले. आणि ते टीसीएस काय प्रकरण आहे?

खडूस_कारकून, ३० जून

अभिनंदन, पोरी. टीसीएस म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच कापून घेते तो कर. बँकेच्या कर्जातून जाणाऱ्या पैशावर या एप्रिलपासून तो नाही. स्वतःच्या खिशातून पाठवलेल्या रकमेवर आर्थिक वर्षात १० लाखांच्या वर कापतात, आधी मर्यादा ७ होती. कापला तरी तो तुमचाच कर, रिटर्नमध्ये वळता होतो. पाठवताना उद्देशाच्या रकान्यात शिक्षण लिहिलंय ना, हे काउंटरवर उभं राहून बघा.

घाटमाथा, ३० जून

अरे वा, शेजारीण झालीस. तुमच्या गावात मार्क्सचं सात मीटर उंच डोकं आहे, नुसतं डोकं. १९९० पर्यंत गावाचं नावच कार्ल-मार्क्स-श्टाट होतं. लोक त्या डोक्याला 'निशेल' म्हणतात, सगळे तिथेच भेटतात.

ब्लॉक्ड अकाउंटचं नीट समजून घे. ते पैसे तुझे असले तरी महिन्याला ९९२ च मिळतात, आणि तेही तू तिथे जाऊन बँक खातं उघडल्यावर. खातं उघडायला बहुतेक बँकांना पत्त्याची नोंदणी लागते. नोंदणीला घरमालकाचा दाखला (अर्धविरामताईंचा तो शब्द!). दाखल्याला घर. म्हणजे पहिला महिना, कधी सहा आठवडे, तू स्वतःजवळच्या पैशावर आहेस. त्यात अनामत आली, कायद्याने तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी मागता येते. फॉरेक्स कार्डवर निदान दीड-दोन हजार युरो वेगळे ठेव.

विद्यार्थी वसतिगृहाचा अर्ज आज कर, व्हिसाची वाट बघू नकोस. आणि फेसबुकवर खोली शोधताना: मालक सध्या परदेशात आहे, फोटो फार सुंदर, भाडं जरा कमीच, अनामत पाठवा की किल्ली कुरियरने पाठवतो. असं दिसलं की पळ. माझ्या बॅचमध्ये एकीचे ९०० युरो गेले. त्या पत्त्यावर जाऊन बघितलं तर खाली दातांचा दवाखाना आणि वर पण दातांचा दवाखाना.

रानजाई, १ जुलै

व्हिसाचा अर्ज आता जर्मन परराष्ट्र खात्याच्या पोर्टलवर आधी ऑनलाइन भरायचा, मग मुंबईला अपॉइंटमेंट. फी ७५ युरो. एक बदल आजपासूनच झालाय: नकार आला तर पूर्वी त्याच कार्यालयाकडे फेरविचाराचा अर्ज करता यायचा, ते आता बंद. नवा अर्ज किंवा थेट कोर्ट. तेव्हा पहिल्याच वेळी फाइल चोख.

हेल्थ इन्शुरन्स सरकारी पद्धतीचा घे, महिन्याला दीडशे युरोच्या आत-बाहेर पडतो. तिशीच्या आत असेपर्यंतच हा विद्यार्थी दर मिळतो. सुरुवातीला स्वस्त म्हणून खाजगी घेतलास तर शिक्षण संपेपर्यंत सरकारीत परत येता येत नाही.

धोटा, २४ ऑगस्ट

व्हिसा आला. पुढचा मजकूर आई टाइप करतेय, मी फक्त पाठवते.

"नमस्कार. मी हिची आई. तूप दोन किलो कढवून ठेवले आहे. पेढे, खवा चालेल का? कढीपत्ता ओला न्यावा का वाळवून? गोडा मसाला घरचा आहे. विमान दुबईवरून आहे. अनारसेपण करणार आहे. मुलगी तिकडे एकटी स्वयंपाक करेल का हो?"

रानजाई, २४ ऑगस्ट

काकू, तुमच्यासाठी बातमी वाईट आहे, आधीच माफ करा. युरोपबाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाला आणता येत नाहीत. तूप, पेढे, खवा, चक्का, सगळं त्यात आलं. पकडलं तर काढून घेतात. तूप इथे भारतीय दुकानात मिळतं. नाहीतर लोणी आणून पंधरा मिनिटांत कढवता येतं. ओला कढीपत्ता, भाजी, फळं यांना कृषी दाखला लागतो, त्यामुळे तेही नको. कढीपत्ता वाळवून, चुरून चटणीत घाला. चटण्या, मेतकूट, भाजणी, मसाले, पापड, पोहे खुशाल द्या.

आणि दुबई म्हणालात ते बरं झालं. एमिरातीत खसखशीला बंदी आहे, अमली पदार्थांत धरतात. अनारशाला खसखस लावू नका. गोड्या मसाल्यात असली तर तोही बिनखसखशीचा वेगळा करा. थट्टा नाही, हे खरंच पाळा.

बिनडोक_बोका, २४ ऑगस्ट

बिनखसखशीचा अनारसा म्हणजे टाळूवर टोपी नसलेला मास्तर. पण तुरुंगापेक्षा बरा. काकू, हलकेच घ्या.

घाटमाथा, २५ ऑगस्ट

कुकर स्टीलचा आणि इंडक्शनवर चालणारा बघा. नुसत्या ॲल्युमिनियमचा इंडक्शनवर तापत नाही. आपली तीन पिनांची वायर इथल्या सॉकेटमध्ये जात नाही, व्होल्टेज मात्र तेच. दोन ॲडॉप्टर आणि भारतातलाच एक एक्स्टेन्शन बोर्ड द्या, भागतं. नेहमीची औषधं असतील तर तीन महिन्यांपर्यंतची, डॉक्टरच्या इंग्रजी चिठ्ठीसकट. चष्मा असेल तर दुसरा करून घे. जड जाकीट पुण्यात घेऊ नकोस, इथे सेकंडहँड दुकानात बरं मिळतं. आणि काकू, करते ती स्वयंपाक. मी करतो, म्हणजे कोणीही करेल.

धोटा, १९ ऑक्टोबर २०२५

पोचून तीन आठवडे झाले. २८ सप्टेंबरला उतरले, रविवार. रविवारी इथे सगळी दुकानं बंद असतात, हे मी वाचलं होतं, पण तिकीट काढताना वार कोण बघतो? लायप्झिगहून लोकल गाडीने संध्याकाळी केम्नित्स. खोलीत गादी, टेबल, रिकामा फ्रिज. आईच्या कडक भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी सकाळपर्यंत पुरली. त्याच आठवड्यात ३ तारखेला एकीकरण दिन, परत सगळं बंद. आता शनिवारी संध्याकाळी मी पण इथल्या म्हातारीसारखी दोन पिशव्या घेऊन धावते.

नोंदणी पाचव्या दिवशी झाली. घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते. मग बँकेची गंमत. खातं उघडलं, कार्ड पोस्टाने आलं, पिन वेगळ्या पत्राने येणार होता. आठ दिवस वाट बघितली. बँकेत गेले तर बाई म्हणाल्या, पत्र परत आलंय, या पत्त्यावर या नावाचं कोणी राहत नाही. मी म्हटलं, मी राहते ना! त्यांनी शांतपणे विचारलं, टपालपेटीवर नाव लावलंयत का?

खाली जाऊन बघितलं तर माझ्या पेटीवर अजून आधीच्या मुलाचंच नाव. इथे पोस्टमन खोलीचा नंबर बघत नाही, पेटीवरचं आडनाव बघतो. नाव नाही म्हणजे माणूस नाही. घरून आणलेल्या पेनाने (हो, आईच्या तीन डझनांतलं) कागदावर आडनाव लिहिलं, टेपने चिकटवलं. तिसऱ्या दिवशी पिन आला, टॅक्स नंबर आला, आणि रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीची नोटीसही आली. महिना १८.३६ युरो, टीव्ही नसला तरी.

ब्लॉक्डचा पहिला हप्ता १५ तारखेला जमा झाला. तोवर फॉरेक्स कार्डवरचे १७०० पैकी १४० उरले होते. घाटमाथा, तू लिहिलं नसतंस तर मी ५०० च आणणार होते.

पहिल्या लेक्चरला प्रोफेसरांनी फंक्शनल सेफ्टी शिकवायला घेतली. बिघाड झाला की यंत्रणेने सुरक्षित अवस्थेत जायचं. मला काटा पडल्याचा आवाज आला.

पावणेदोन, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून टेबलासमोर लावलाय. गोदामाचं काम मिळत होतं, घेतलं नाही. राहिलेला बी१ चा भाग जानेवारीत देतेय.

पावणेदोन, १९ ऑक्टोबर

वाचलं. परीक्षेची नोंदणी वेगळी करावी लागते, आपोआप होत नाही. तारीख आत्ताच शोधून ठेव.

धोटा, १९ ऑक्टोबर

बघते लगेच. आणि एक शेवटचा प्रश्न, जरा हास्यास्पद आहे. उद्यापासून दिवाळी, कढी करायची आहे. दोनदा दही लावलं, दोन्ही वेळा सकाळी दूध जसंच्या तसं. इथल्या दुधात काही घालतात का?

रानजाई, १९ ऑक्टोबर

दुधाचा दोष नाही. विरजण कुठलं घेतलंस? डब्यावर 'वेर्मेबेहांडेल्ट' लिहिलं असेल तर ते दही नंतर तापवलेलं असतं, त्यातले जंतू मेलेले. तो शब्द नसलेला साडेतीन टक्क्यांचा साधा डबा घे. दूध बोट सोसेल इतकं कोमट, आणि भांडं टॉवेलात गुंडाळून रात्रभर हीटरवर. मिक्सर लावायचा असेल तर आज नको, रविवार आहे, खालचे आजोबा वर येतील.

धोटा, २१ ऑक्टोबर

लागलं!! उभा चमचा राहतोय.